नसांचा गुंता

ताई त्या यंत्रात शिरायला काही केल्या तयार होईना.

काही महिने तिचं डोकं ठणकत होतं. भर गर्दीतून बस चालवणारी, एरवी कुणाच्या बापाला न घाबरणारी बाई; पण मेंदूची तपासणी करणारं ते लांबलचक नळकांडं पाहून ती दाराशीच अडून बसली. धाकटा भाऊ त्याच विभागात तंत्रज्ञ होता. एवढी बस बोगद्यातून काढतेस आणि इथे घाम फुटला का, असं त्याने चिडवून पाहिलं, समजावून पाहिलं. ती जागची हलेना.

शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारून त्याने घड्याळ काढलं आणि स्वतःच आत जाऊन पडला. सहकाऱ्याने यंत्र चालवलं. खडखडाट थांबल्यावर तो हसत बाहेर आला. मग ताईही डोळे घट्ट मिटून आत गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावून पडदा त्यांच्याकडे वळवला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तवाहिन्यांचा गुंता होता, मांजराने लोकरीचा गुंडा विस्कटावा तसा. अशी चित्रं रोज काढणाऱ्या भावाला काही सांगावं लागलं नाही.

धमन्यांचं रक्त थेट शिरांत घुसत होतं, तो जोर सोसेनासा झाला की शीर फुटणार होती. फुटायच्या आत सापडलं हेच नशीब, असं बाई म्हणाल्या. आधी मांडीतून बारीक नळी वर नेऊन गुंत्यात औषधी डिंक भरायचा, मग कवटी उघडून तो काढायचा.

ताईने लगेच डेपोत रजा कळवली. आईला दोघांनी मिळून सांगितलं. ती रडली नाही.

"माझं लेकरू मला बोलतंचालतं परत द्या," एवढंच ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

ऑपरेशन लांबलं. आई बाकावरून उठली नाही. बाई बाहेर आल्या तेव्हा टोपीखालचे केस घामाने चिकटले होते, पण चेहरा फुलला होता. गुंता मुळासकट निघाला होता. रक्त आता आपापल्या वाटेने शहाण्यासारखं वाहत होतं.

आई आत गेली. पट्ट्यांत गुंडाळलेलं डोकं, सुजलेला डोळा. तिने पुढे केलेलं बोट आधी उजव्या, मग डाव्या मुठीने घट्ट धरलं. पलंगावरून क्षीण आवाजात चहाची मागणी झाली. आईला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

डोकेदुखीवर मिळालेला नवा चष्मा ओढणीने पुसत ताई भावाच्या उशाशी टेकली.

"मी त्या नळकांड्याला घाबरले नसते," ती म्हणाली, "तर तू कशाला आत गेला असतास?"