श्रेय कुणाचंही असो

"सीमेवरचं फाटक सरकारनं बंद केलं, बोंब आपण मारायची. विरोधी पक्षाचं काम तेच ना?" प्रवक्ता म्हणाला आणि बैठकीत हशा पिकला.

अण्णा हसले नाहीत. त्यांचं गाव अगदी सीमेवरचं. सरकारनं शेजारी देशाशी भांडण उकरून मालाची ये-जा थांबवली, तेव्हापासून तिथली गोदामं ओस पडली होती. हमाल पोट भरायला परगावी पांगले होते. अण्णांच्या ट्रकांखाली गवत उगवलं होतं. त्यात लेक दिलेली पलीकडे. मालाला बंदी होती, माणसांना नव्हती, एवढंच काय ते सुख.

"बोंब मारून फाटक उघडत नाही," ते म्हणाले. "शेजाऱ्यांचं मन आपण वळवू. मग सरकारला सांगू, आम्ही टीका करणार नाही, तुम्ही फक्त सही करा. श्रेय खुशाल घ्या."

"निवडणूक तोंडावर आलेली असताना?" प्रवक्त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

सगळ्यांनी पक्षाध्यक्ष ताईंकडे पाहिलं. पक्षात चार टाळकी होती, तेव्हापासून अण्णा त्यांच्यासोबत होते.

"अण्णांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लागा कामाला, अण्णा. मी आहे पाठीशी."

अण्णांनी हात जोडले.

ते पलीकडे गेले. त्यांचे व्याही तिकडच्या व्यापारमंत्र्यांचे सल्लागार. दोघांनी बसून वाट काढली. आधी भाजी आणि फळं, मग सिमेंट, बाकीचं हळूहळू. व्याह्यांनी शब्द दिला.

परत आल्यावर अण्णा थेट आपल्याकडच्या मंत्र्यापुढे जाऊन बसले. हा आपल्याला देशद्रोही ठरवणार, अशी मनाची तयारी करूनच गेले होते. पण मंत्री शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"आमची हरकत नाही," तो म्हणाला. "त्यांचा होकार येऊ द्या."

बातमी फुटली तसे हमाल गावात परतू लागले. अण्णांनी ट्रक धुऊन काढले.

आणि पलीकडून चक्क नकार आला. कारण नाही, काही नाही.

प्रवक्त्यानं सभा गाजवली. "शेजारचं कुत्रंही विचारत नाही या सरकारला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "परके ते परकेच, अण्णा. मनाला लावून घेऊ नका."

पण ते जिव्हारी लागलं होतं. सोयऱ्यानंच केसानं गळा कापावा? दुसऱ्या दिवशी अण्णा पलीकडे गेले. लेक पुढे आली, तिच्याशीही न बोलता ते व्याह्यांसमोर उभे राहिले.

"शब्द फिरवायचाच होता, तर दिलात कशाला?"

व्याही खुर्चीतून उठले.

"अहो, आम्ही कुठला फिरवतोय? तुमच्या ताई स्वतः येऊन गेल्या. निवडणूक होईपर्यंत फाटक उघडू नका, अण्णांनीच सांगितलंय, म्हणाल्या. तुमचं नाव घेतलं म्हणून तर ऐकलं!"