दुसरं तोंड

शब्दकोशासाठी डोंगरपाडे तुडवून दमलेले गोगटे मास्तर खोडाळ्याला धोंडीबाईच्या ओट्यावर जेवायला टेकले. तिच्या नवऱ्याचं नाव नागू, ते तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून नागलीला, म्हणजे नाचणीला, ती जन्मभर 'सावळी' म्हणत आलेली.

"शब्द गोड आहे गं बाई, पण निदान दोघांच्या तोंडी असला, तरच कोशात घेतात."

"व्हतं की दुसरं तोंड. मला सोबत म्हनून माझा मानूस पन सावळीच म्हनं. औंदा गेला तो."

मास्तरांनी ताटातली भाकर संपवली. मग कीर्तनात बुवांमागे झिलकऱ्यानं ध्रुपद धरावं, तसे ते थकल्या आवाजात म्हणाले,

"धोंडीबाई, सावळीची आणखी अर्धी भाकर वाढा."