सॅम्पल फ्लॅट

“आधी पाणी दाखवा,” विनया दारातच म्हणाली. “हॉल-किचन काय, पळून जात नाही.”

बिल्डरच्या माणसाने, धवलने, बाथरूमकडे बोट केलं. विरारात घर बघायला आलेली बाई आधी नळ सोडते, हे त्याला नवीन नव्हतं.

विनया लेकीला, अक्षयाला घेऊन आत गेली आणि कडी लावली. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. नालासोपाऱ्यातली चाळ बेकायदा म्हणून पाडली, तेव्हापासून ती तिघं बाजाराच्या शेडखाली होती. नवरा, जयवंत, आत्ताही तिथंच बोचकी राखत बसला होता. विनयाला आज एवढंच हवं होतं: पोरीचं अंग पुसायला स्वच्छ पाणी आणि घटकाभर पाठ टेकायला गादी. रविवारी बिल्डरांच्या जीपा स्टेशनाबाहेर उभ्या राहत, गिऱ्हाइकांना फुकट घरं दाखवायला नेत. ठेवणीतली एक साडी पाडापाडीतून वाचली होती. ती नेसली की कुणी काही विचारत नसे. साडीची तेवढी पत अजून शिल्लक होती.

तिने रुमाल भिजवून पोरीला पुसून काढलं. साबणाची वडी आधीच ओली होती. आपल्यासारखीच कुणीतरी पाणी बघून गेलेली दिसते, असं वाटून तिला हसू आलं.

बाहेर धवल घड्याळ बघत उभा होता.

“प्रेशर चांगलं आहे हो,” ती बाहेर येत म्हणाली.

“आज आहे. एरवी टँकर मागवावा लागतो.”

ती चपापली. विरारच्या ह्या मनवेलपाड्यात तिने असले सॅम्पल फ्लॅट कितीतरी पाहिले होते. स्वतःच्याच मालाला नावं ठेवणारा हा पहिलाच. ओळखलं की काय याने?

“आमचे मिस्टर बँकेत असतात,” तिने न विचारताच सांगून टाकलं. “आज जमलं नाही त्यांना.”

“मग त्यांना घेऊनच या, मॅडम. घाई नका करू. पावसाळ्यात ही भिंत ओल धरते.”

तेवढ्यात अक्षया दिवाणावर आडवी झाली.

“अगं ऊठ! कोरी चादर आहे त्यांची.”

“राहू द्या.” धवल वाकून पोरीकडे बघत राहिला. “डोळे बघा तिचे. ताप आहे.” त्याने स्वयंपाकघरातून पाणी आणून दिलं आणि पंखा एकवर केला.

पोरीचा डोळा लागला. आता वेळ काढायचा होता. विनयाने खिडक्या उघडून पाहिल्या, ओट्यावर बोटं फिरवली, कपाटांची दारं सावकाश उघडली, लावली. धवलची नजर तिच्या पाठीपाठी फिरत होती. चोरावर ठेवतात तशी.

“ह्या दाराला कुलूप का?”

“बेडरूम आहे. आत पॉलिश ओलं आहे. वास डोक्यात जातो.”

तिला वास येत होता तो लसणाच्या फोडणीचा. “शेजारी राहायला आलेत वाटतं?”

“हो. म्हणजे... येतील.” त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. “काय आहे, दुसरी पार्टी यायची आहे.”

खालून जीपचा हॉर्न वाजला. विनयाने पोरीला उचलून खांद्यावर टाकलं.

“विचार करून कळवते.”

“नाही घेतलात तरी चालेल, ताई.”

दोन जिने उतरेपर्यंत ते वाक्य तिला टोचत राहिलं. मॅडमची ताई झाली, म्हणजे नक्की ओळखलं. पुढच्या रविवारी हा रस्ता बंद.

जीपपाशी आल्यावर लक्षात आलं, अक्षयाच्या एकाच पायात चप्पल होती. पोरीला सीटवर निजवून, ड्रायव्हरला लक्ष ठेवायला सांगून ती धावत वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. धवल पाठमोरा उभा राहून बेडरूमचं कुलूप काढत होता.

दार उघडलं. आत भिंतीशी वळकट्या होत्या, स्टोव्ह होता, दोरीवर लहान फ्रॉक वाळत होते. जमिनीवर बसलेली एक बाई मांडीवरच्या मुलीच्या तोंडावरचा हात हळूहळू काढत होती.

मुलीने मोठा श्वास घेतला.

“पप्पा, त्यांनी आपलं घर घेतलं नाही ना?”