अबू सिंबेलच्या वाटेवर

“आई दवाखान्यात आहे. दुसरा ड्रायव्हर तासाभरात येईल,” इजिप्तमधल्या अस्वानच्या हॉटेलसमोर महरूस मोडक्या इंग्रजीत म्हणाला. रत्नाकर खानोलकरांनी घड्याळाकडे पाहिलं. “तोवर ऊन चढेल. अबू सिंबेलची मंदिरं बघायची कधी? तुम्हीच चला.” विजयाबाईंना ते खटकलं, पण त्याही मुकाट्याने गाडीत बसल्या.

दीड तास वाळवंटातून गेल्यावर महरूसचा फोन वाजला. त्याने गाडी कडेला घेतली. “बहीण बोलावतेय. आई माझं नाव घेतेय,” एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा गाडी सुरू करून अबू सिंबेलच्याच दिशेने निघाला.

“अहो, मागे फिरवायला सांगा ना त्याला,” विजयाबाई म्हणाल्या.

खानोलकरांनी सांगितलं. महरूसने आरशातून दोघांकडे एकदा पाहिलं आणि गाडी वळवली. काटा एकशे तीसच्या पुढे गेला. दोन्ही बाजूंना नुसती वाळू होती, आणि मागच्या सीटवर बसून दोघांना करण्यासारखं काहीच नव्हतं. विजयाबाई डोळे मिटून रामरक्षा म्हणू लागल्या.

अस्वान अर्ध्या तासावर असताना फोन पुन्हा वाजला. महरूसने ऐकलं, हूं म्हटलं आणि फोन शेजारी ठेवला. मग गाडीचा वेग हळूहळू कमी होत गेला. आता घाई उरली नव्हती.

“माफ करा सर, तुमचं मंदिर राहिलं,” तो म्हणाला.

खानोलकरांनी त्याच्या खांद्याकडे हात नेला, पण तो टेकवायचं त्यांचं धाडस झालं नाही.