हातांचा तास

या शाळेत एकही मूल मागे राहत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य होतं. दर्शनी भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने तसं लिहिलेलंच होतं. ते तपासायला विस्तार अधिकारी वामनराव चौथीच्या वर्गात येऊन बसले, तेव्हा पहिली अडचण खुर्चीची आली. तिचा एक पाय आखूड होता. त्याखाली समावेशक शिक्षणाची मार्गदर्शिका सरकवण्यात आली. ती बरोबर बसली.

मुख्याध्यापिका वंदना मॅडम फळ्याशी उभ्या होत्या. नांदुऱ्याची एसटी जिथून परत वळते, तिथली ही शाळा. वर्गातल्या गोविंदाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून मॅडमनी वर्षभराचं नियोजन नव्याने मांडलं होतं. रोज एक तास हातांच्या भाषेचा, आणि तोही एकट्या गोविंदाला नाही, सगळ्या वर्गाला. कविता हातांनी, पाढे बोटांनी. मॅडम प्रश्न तोंडाने आणि हातांनी एकदमच विचारत. उत्तर देताना मात्र तोंड उघडायचं नाही, म्हणजे गोविंदा आणि बाकीचे एका रेषेत. विचारलं की सगळ्या वर्गाचे हात वर. सगळ्यांत आधी छकुलीचे, सगळ्यांत शेवटी मागच्या बाकावरच्या भागवतचे. पण भागवतचं उत्तर कधी चुकत नसे. मॅडम त्याला विचारी मुलगा म्हणत.

एका पोरासाठी सगळ्या वर्गाचा तास काऊन, असं तालुक्याला कुणीतरी विचारलं होतं. तो तास वेळापत्रकात राहणार की जाणार, ते आज वामनराव ठरवणार होते. तास गेला तर गोविंदाची आई मनकर्णाबाई त्याला लांबच्या वसतिशाळेत घालणार होती. मंग इथं तो नुसता बसून राहीन, असं ती म्हणाली होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. सकाळीच मॅडमनी हे सगळं वर्गाला हातांनी सांगून ठेवलं होतं. तास जाऊ द्यायचा नाही, हे त्यांनी स्वतःला वेगळं सांगितलं होतं.

"मॅडम, पोराचं नाव सांगू नका," वामनराव म्हणाले. "मी ओळखतो."

त्यांनी एकेका मुलाला टेबलासमोर बोलावलं. मुलाचं तोंड साहेबांकडे, पाठ वर्गाकडे. साहेब पाढा विचारत, शेजारी उभ्या मॅडम तोच प्रश्न हातांनी करत, आणि मूल बोटांनी उत्तर देई. छकुली आली आणि बोटं नाचवून गेली. समीक्षाने उत्तर दिलं आणि वर पुढचा पाढाही मोजून दाखवला. गोविंदा आला. नऊ साते त्रेसष्ट. साहेबांची मान हलायच्या आत तो जागेवर जाऊन बसलाही.

मॅडमना अभिमान वाटला, पण क्षणभरच. साहेबांचा चेहरा उतरत चालला होता. त्यांना बहिरा मुलगा सापडत नव्हता.

सगळेच फटाफट सांगून राह्यले, ते म्हणाले. कोनाचं अडतच नसीन, तर तास पाह्यजे कायले?

वर्षभर राबून मॅडमनी गोविंदाचं अडणं संपवलं होतं. आता तास नीट चालला म्हणूनच बंद होणार होता. त्यांनी माघार घेतली नाही. चष्मा लावल्यावर दिसतं म्हणून कुणी चष्मा काढून घेत नाही, असं त्यांनी सांगून पाहिलं. साहेबांनी आपला चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

सगळ्यांत शेवटी भागवत आला.

सात आठे किती, साहेबांनी विचारलं. मॅडमनी हातांनी विचारलं. भागवतचे हात चड्डीच्या खिशांशी लोंबत राहिले. साहेबांनी मोठ्याने विचारलं. मग आणखी मोठ्याने. तेव्हा पत्र्यावरची कबुतरं उडाली. भागवतच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

साहेब समाधानाने मागे रेलले. खुर्ची जराही डुगडुगली नाही. मिशीत हसत ते म्हणाले, हाच ना तो?

वर्गात कुणाला तरी हसू फुटणार होतं. गोविंदाने ओठांवर बोट ठेवलं आणि सगळा वर्ग ओठ आवळून बसला. मॅडमनी तोंड उघडलं, भागवतकडे पाहिलं, आणि तोंड परत मिटलं. साहेबांना काय हवंय ते पोराने ओळखलं होतं. सकाळचं सगळं लक्षात ठेवून, गोविंदाच्या तासासाठी पोर स्वतः बहिरं झालं होतं. उभ्या नोकरीत मॅडमनी पहिल्यांदाच वरिष्ठांच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही.

"याला मागे ठेवून कसं चालेल, साहेब?"

साहेबांनाही ते पटलं. त्यांनी तास चालू ठेवण्याचा शेरा दिला, भागवतच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्याच्या कानाशी वाकून, जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात त्याला शाबासकी दिली. भागवतने कान चोळला.

जीप दिसेनाशी झाल्यावर मॅडमनी भागवतला जवळ घेतलं. पदराने डोळे टिपले. सात आठे येत असून तू गोविंदासाठी गप्प राहिलास ना, असं विचारलं.

भागवतने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली.

"नाई मॅडम. साहेबाच्या टेबलापाशी उभं राह्यलं का कोनाचेच हात दिसत नाई."

भागवतला दोनाच्या पुढचा एकही पाढा येत नव्हता.