पडद्यावरची आई

कवळीचा प्रसंग आला आणि अख्खं सभागृह खदखदून हसलं.

पडद्यावर गर्दुल्ला मुलगा बापाची कवळी लपवून बसला होता. पैसे द्या, दात घ्या. बाप बोळक्या तोंडानं त्याला शिव्या घालत होता आणि एकही शिवी धड बाहेर पडत नव्हती. पहिल्या रांगेत बसलेल्या कुसुमताईही हसल्या. मागच्यांनी माना वाकड्या करून आधी त्यांच्याकडे पाहिलं होतं. त्या हसताहेत म्हटल्यावर लोकांना मोकळं झाल्यासारखं वाटलं. हीच त्या मुलाची खरी आई, असं श्रीधरनं खेळाआधी माईकवरून सांगून टाकलं होतं.

श्रीधर सिनेमाचा दिग्दर्शक आणि कुसुमताईंच्या मुलाचा, मुकुंदाचा, शाळेपासूनचा मित्र. मुकुंद गेल्यावर तो कितीतरी दिवस कुसुमताईंच्या कोथरूडच्या घरी येत राहिला. पोहे खायचा, फोन टेबलावर ठेवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचा. त्यांनी हातचं काही राखलं नाही. कवळीची गोष्ट त्यांच्याच घरातली. मुकुंदाचे बाबा तेव्हा दोन्ही वेळा वरणभात कालवून खात होते आणि विचारलं तर 'पोट जड आहे' म्हणत होते.

पुढे सोसायटीची सभा आली. चेअरमन तंबाखू मळत ठराव वाचत होते : व्यसनी सभासदांनी लिफ्ट न वापरता जिन्यानं जावं. पुन्हा हशा. हसता हसता कुसुमताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या खऱ्या सोसायटीत असा ठराव झाला नव्हता, पण झाला असता.

मग सनई सुरू झाली.

पडद्यावरची आई देवापुढं निरांजन लावून बसली. मुलानं तिला ढकललं, तरी तिनं त्याच्या ताटात गरम पोळी वाढली. तिनं एकदाही हात उगारला नाही, एकदाही 'मर मेल्या' म्हटलं नाही. शेवटी मुलगा तिच्या मांडीवर डोकं ठेवून, 'आई, मला क्षमा कर,' म्हणत गेला आणि तिनं त्याचे डोळे मिटले. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. शेजारच्या गृहस्थांनी कुसुमताईंच्या हातावर थोपटलं. त्यांनी हात काढून घेतला.

दिवे लागले. दोन वर्तमानपत्रांनी 'व्यसनाची टिंगल' म्हणून सिनेमा झोडपला होता, म्हणूनच श्रीधरला आज त्या इथं हव्या होत्या. त्यानं त्यांना मंचावर नेलं, शाल पांघरवली, हातात नारळ दिला.

"काकू, तुम्हीच सांगा. आम्ही टिंगल केली का?"

"नाही," कुसुमताई म्हणाल्या. "टिंगल बरोबर होती."

टाळ्या पडल्या. श्रीधरनं माईक परत घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिला नाही.

"ही शेवटची बाई कोण, श्रीधर?"

"म्हणजे?"

"निरांजनवाली. मी तर मुकुंदाला लाटण्यानं मारलंय. त्याच्या बोटाचं हाड मोडलं होतं. ते मी तुला सांगितलं होतं. तो गेला तेव्हा मी काय केलं, तेही सांगितलं होतं."

श्रीधर हसला, पण लोकांकडे पाहून. मग माईकपासून तोंड बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काकू, तुम्हाला मान द्यायला बोलावलंय. आता हे नको."

"मान मी मागितला नव्हता."

"अहो, आई तशी दाखवली असती तर लोकांनी तुम्हाला फाडून खाल्लं असतं."

"म्हणून माझ्याऐवजी मुकुंदाला त्यांना खायला घातलंस होय," त्या माईकमध्येच म्हणाल्या.

श्रीधरच्या कपाळावरची शीर उठली. "तुमच्या परवानगीनंच केलंय सगळं," आता तोही मोठ्यानं बोलला. "त्याच्यासाठी मी तीन वर्षं झिजलोय. तुम्ही तर शेवटी त्याला दारातसुद्धा उभं करत नव्हता."

"नव्हतेच करत."

त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला, शाल काढून त्या नारळावर टाकली. राग इतका चढला होता की आवाज उलट खाली आला. शिक्षिका असताना वर्गात असाच यायचा.

"तो दुपारी ससूनमध्ये गेला. मांडीवर नाही, मी तिथं नव्हतेच. फोन आला तेव्हा गवार मोडत होते. मंडळी त्याला घरी घेऊन आली, स्मशानात घेऊन गेली, परत आली. सगळे आपापल्या घरी गेल्यावर मी पर्स उघडीच टेबलावर टाकली आणि आंघोळीला गेले. दार न लावता. कढत पाणी घेतलं आणि पाणी संपेपर्यंत बसून राहिले. त्याच्या आधी कित्येक वर्षं मी पर्स गळ्यात अडकवून आंघोळ केली होती, प्लास्टिकच्या पिशवीत घालून."

त्या लोकांकडे वळल्या.

"हसा की," कुसुमताई म्हणाल्या. "मघाशी हसत होता. याला नाही हसू येत?"

मघाचे शेजारचे गृहस्थ जमिनीकडे पाहू लागले. श्रीधरनं आवाजवाल्याला माईक बंद करायची खूण केली.

तेवढ्यात मागच्या रांगेत गळ्यात पर्स अडकवून बसलेली कुणी बाई खुदकन हसली. तिनं लगेच पदर तोंडावर दाबला, पण हसू काही आवरेना. खांदे गदगदत राहिले आणि तिच्या शेजारचा तरुण मुलगा उठून, तिच्याकडे न बघता, बाहेर निघून गेला.