मास्तरांचं नाव

बावीस वर्षं मंत्री राहिलेले साहेब भेटेल त्याला नावाने हाक मारत. धरणगावपासून बोदवडपर्यंत माणसं त्या एका हाकेवर मत देत. नाव मात्र मागे उभे असलेले मास्तर हळूच साहेबांच्या कानात सांगायचे. अडुसष्ट साली शाळेतली नोकरी सोडून साहेबांकडे आलेले हे मास्तर परवा प्रचारसभेत कोसळून वारले. आज साहेब सांत्वनासाठी त्यांच्या दारावर आले. फोटोला हार घालून जमलेल्या गावासमोर बोलू लागले: "माझा उजवा हात गेला. आपले..." साहेब अडखळले. मास्तरांचं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. सवयीने त्यांनी मान किंचित मागे कलवली. मागे कोणीच नव्हतं. मग मास्तरांची बायको उठली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघालं नव्हतं. साहेबांच्या मागे उभी राहून ती हळूच अहिराणीत म्हणाली, "नाव पितांबर शे, साहेब." लगेच साहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला: "आपले पितांबरभाऊ..."